धावपट्टी कुणाची? मराठवाडा, बेगमपेठ, बीदर आणि दुसरे महायुद्ध

१/
छत्रपती संभाजीनगरच्या इतिहासप्रेमी तरुणांना दुसऱ्या महायुद्धाची गोडी मोठी आहे. स्टालिनग्राड, नॉर्मंडी, इंफाळ यांची खडान्‌खडा माहिती त्यांच्यापाशी असते. मात्र त्या युद्धाशी मराठवाड्याचा संबंध काय, असे विचारले की बहुधा उत्तर येते : काही नाही. हे उत्तर चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का चुकीचे, हे सांगण्यासाठी हा धागा. त्याच्या मध्यभागी एक लष्करी वैमानिक-प्रशिक्षण तळ आहे आणि तो आपल्या आजच्या जिल्ह्यात नाही. गोंधळाचे मूळ नेमके तिथेच आहे.

२/
प्रथम नकाशा पाहू. १९३९ मध्ये युद्ध पेटले तेव्हा आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, मुंबई इलाख्यात नव्हते. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हेही त्याच संस्थानाचे. संस्थानातील सुमारे एक चतुर्थांश लोक मराठी बोलत. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे आजचे लातूर जिल्ह्यातील तालुके तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. तेव्हा मराठवाड्याचा युद्धकाळ शोधायचा, तर तो आजच्या राज्यसीमांच्या आत शोधून भागणार नाही.

३/
आता हवाई दलाची स्थिती. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. परंतु सात वर्षांनी युद्ध सुरू झाले तेव्हाही त्यापाशी एकच स्क्वाड्रन होती. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. एका स्क्वाड्रनने भागण्यासारखी परिस्थिती उरली नाही. विमाने ब्रिटन-अमेरिकेतून जहाजाने आणता येत होती. वैमानिक मात्र घडवावे लागतात आणि घडवायला वेळ, प्रशिक्षक, इंधन व मोकळे आकाश लागते.

४/
या गरजेतून प्रशिक्षणाची एक साखळी उभी राहिली. युद्धाच्या मधल्या काळात ती साधारण अशी होती : पुण्यात प्रारंभिक, म्हणजे जमिनीवरचे शिक्षण, त्यानंतर बेगमपेठ किंवा जोधपूर येथे प्राथमिक उड्डाण, मग अंबाल्यास पुढचे उड्डाण, आणि शेवटी वायव्येकडे प्रत्यक्ष लढाऊ विमानांचा सराव. बेगमपेठ हे निजामाच्या राजधानीला लागून असलेले विमानतळ. हाच आपल्या विषयाचा तळ. औरंगाबाद ज्या राज्याचे शहर होते, त्या राज्यातली ही वैमानिकांची पहिली शाळा.

५/
प्राथमिक उड्डाणाच्या या दोन्ही शाळा संस्थानांत होत्या : एक निजामाच्या, दुसरी जोधपूरच्या महाराजांच्या. हा योगायोग नव्हे. १९३० च्या दशकात संस्थानिकांना विमानांचा शौक लागला होता. त्यांनी विमानतळ बांधले, हँगर उभारले, एरो क्लब काढले. हैदराबादचा एरो क्लब बेगमपेठेलाच होता. युद्ध आले तेव्हा ब्रिटिशांना तयार मैदान आणि तयार कार्यशाळा आयती मिळाली. राजघराण्यांच्या हौसेवर युद्धयंत्रणा उभी राहिली, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

६/
तिथे शिकवत काय? शिकवण्याचे विमान होते टायगर मॉथ. पंखांच्या दोन जोड्या, एकावर एक. लाकूड, धातू आणि ताणून बसवलेले कापड यांचा सांगाडा. १३० अश्वशक्तीचे इंजिन. पुढे प्रशिक्षक, मागे शिकाऊ, आणि दोघांच्याही डोक्यावर उघडे आकाश. प्रशिक्षकाचा आवाज रबरी नळीतून विद्यार्थ्याच्या कानापर्यंत पोहोचे. इंजिन सुरू करण्यासाठी बाहेर उभ्या माणसाने हाताने पंखा फिरवायचा. त्या माणसाचा पाय घसरला तर काय होईल, हे सांगायला नको.

७/
या विमानाला ब्रेक नव्हते. शेपटीखाली चाकाऐवजी जमिनीवर घासत जाणारी घसरपट्टी होती. त्यामुळे त्याला डांबरी धावपट्टीपेक्षा चहूबाजूंनी मोकळे, पाण्याचा निचरा होणारे पक्के मैदान अधिक सोयीचे. वारा ज्या दिशेने येईल त्या दिशेला तोंड करून उडायचे आणि तसेच उतरायचे. म्हणून मैदानाच्या कडेला उंच खांबावर फडफडणारा कापडी विंडसॉक ही शिकाऊ वैमानिकाची पहिली बाराखडी. एकट्याने घेतलेले पहिले उड्डाण, म्हणजे ‘सोलो’, ही पहिली परीक्षा. तिच्यात जे उतरत नसत, त्यांची वाट पुष्कळदा तिथेच संपे.

८/
इथे भूगोल कामी येतो आणि मराठवाड्यातील वाचकाला तो लगेच उमगेल. आपली काळी जमीन पावसाळ्यात काय करते, हे आपल्याला ठाऊक आहे. ती फुगते, चिखल होते, चाक गिळते. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते. हलक्या विमानाला अशी जमीन घातक. हैदराबादच्या आसपास मात्र ग्रॅनाइटचा खडक आणि मुरमाड माती. बीदर तर जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेले आहे. पाणी मुरवणारा तो दगड जसा तिथल्या भुयारी जलवाहिन्यांना उपयोगी पडला, तसाच विमानतळालाही. बीदरचा विमानतळही महायुद्धाच्याच काळातला.

९/
शिवाय दख्खन युद्धभूमीपासून दूर होते. जपानी विमाने कोलकाता, विशाखापट्टणमपर्यंत पोहोचली. पठाराचा अंतर्भाग त्यांच्या टप्प्याबाहेर राहिला. पावसाळ्याचे महिने वगळले तर आकाश निरभ्र. हातात प्रथमच विमान घेतलेल्या विशीतल्या मुलाला चुका करायला सुरक्षित आकाश हवे असते. ते दख्खनने दिले. पुढे बर्माच्या जंगलावर उडालेल्या कित्येकांनी आकाशाची पहिली ओळख या पठारावर करून घेतली. १९४४ च्या अखेरीस भारतीय हवाई दलाच्या स्क्वाड्रन नऊ झाल्या. त्या वाढीमागे अशा शाळा होत्या.

१०/
पण माझा मुद्दा तंत्राचा नाही, पैशाचा आहे. निजाम आणि ब्रिटिश हवाई दल यांचे नाते पहिल्या महायुद्धापासूनचे. १९१८ मध्ये ब्रिटिश हवाई दलाची ११० क्रमांकाची स्क्वाड्रन डीएच-९ए विमाने घेऊन फ्रान्सला गेली. ती विमाने निजामाने भेट दिलेली होती आणि तसा मजकूर त्यांवर रंगवलेला होता. स्क्वाड्रनच्या नावातच ‘हैदराबाद’ जोडले गेले. जर्मन शहरांवर दिवसा हल्ले करताना तिची जबर हानी झाली.

११/
दुसऱ्या महायुद्धात आणखी दोन स्क्वाड्रनांना हे नाव मिळाले. स्पिटफायर उडवणारी १५२ (हैदराबाद) आणि हरिकेन उडवणारी २५३ (हैदराबाद स्टेट). १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशात जी निर्णायक लढाई झाली, तिच्यात या दोन्ही लढल्या. १५२ च्या मानचिन्हावर निजामाचे शिरोभूषण आहे आणि तिच्या बोधवाक्याचा अर्थ ‘विश्वासू मित्र’ असा होतो. पुढे हीच स्क्वाड्रन बर्माच्या आघाडीवर आली. ११० देखील आली. लंडनच्या रक्षणाशी पैठण-परभणीचा संबंध आहे तो असा.

१२/
कारण हा पैसा आला कुठून? संस्थानाच्या तिजोरीतून म्हणा किंवा निजामाच्या ‘सर्फ-ए-खास’ या खासगी मिळकतीतून. दोहोंचा मुख्य आधार शेतसारा. सर्फ-ए-खासचे तालुके मराठवाड्यातही होते. कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या कुणब्याने भरलेला सारा कुठे गेला, हे त्याला कुणी सांगितले नाही. त्यातला काही भाग स्पिटफायरच्या पंखांवर चढला, हे इंग्लंडमधल्या स्क्वाड्रनांच्या नावांत नोंदलेले आहे. सारा भरणाऱ्या गावांच्या इतिहासात मात्र ते नोंदलेले नाही.

१३/
आता दुसरा, अधिक बोचरा प्रश्न. पैसा मराठवाड्याचाही, तर मग कॉकपिटमध्ये मराठवाड्याचा मुलगा बसू शकत होता का? हवाई दलाचा सारा व्यवहार इंग्रजीत. १९१८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी निजामाची विमाने फ्रान्सला गेली त्याच वर्षी, उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे माध्यम उर्दू. मराठी मुलाला प्राथमिक शाळेपुढे आपली भाषा सोडावी लागे आणि उर्दूत शिकूनही इंग्रजीचा दरवाजा उघडत नसे. इंग्रजीत शिकवणारे निजाम कॉलेज राजधानीत, मद्रास विद्यापीठाशी संलग्न. वैमानिक होण्याची वाट तिथून जात होती. गंगापूर-वैजापूरच्या शाळेतून नव्हे.

१४/
एक उदाहरण घ्या. इद्रिस हसन लतीफ हे हैदराबादेत १९२३ साली जन्मले, निजाम कॉलेजात शिकले आणि कोवळ्या वयात हवाई दलात दाखल झाले. बर्माच्या आघाडीवर व्हेंजन्स विमाने उडवली, फाळणीच्या वेळी भारत निवडला, १९७८ ते १९८१ या काळात हवाई दलप्रमुख झाले आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपालही. त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. पण त्याच राज्यातल्या, त्याच वयाच्या मराठी शेतकऱ्याच्या मुलाला ती संधी कोणत्या वाटेने मिळाली असती? गुणवत्तेइतकाच प्रश्न वाटेचाही असतो.

१५/
मराठवाड्याचा तरुण त्या वर्षांत स्वस्थ बसला नव्हता, हेही लक्षात घ्या. नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात ‘वंदे मातरम्’ गाण्यावरून आंदोलन पेटले आणि ते उस्मानियापर्यंत पसरले. विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. अनेकांनी नागपूर विद्यापीठाचा आश्रय घेतला. त्याच सुमारास स्वामी रामानंद तीर्थ सत्याग्रहात उतरले. एकीकडे राजाच्या मैदानावर साम्राज्यासाठी वैमानिक घडत होते, दुसरीकडे त्याच राज्यातले विद्यार्थी त्या सत्तेविरुद्ध उभे राहत होते. या दोन गोष्टी एकाच पानावर लिहिल्या गेल्या पाहिजेत.

१६/
युद्ध संपले आणि अवघ्या तीन वर्षांत हेच विमानतळ वेगळ्या कारणाने गाजले. १९४८ मध्ये हैदराबादची नाकेबंदी सुरू असताना सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीची उड्डाणे करून निजामाला शस्त्रे पुरवू लागला. त्याची विमाने बीदर आणि वारंगळला उतरत. हा कॉटन म्हणजे महायुद्धात हवाई छायाचित्रणातून टेहळणी करण्याचे तंत्र विकसित करणारा माणूस. त्याची लँकास्ट्रियन विमाने म्हणजे लँकास्टर या बाँबफेकी विमानाचे मुलकी रूप. माणूस, विमान, धावपट्टी : तिन्ही महायुद्धाचीच शिल्लक.

१७/
१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १४ तारखेला औरंगाबाद त्यांच्या हाती आले. हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांनी संस्थानातील विमानतळांवर मारा केला. बीदर त्यांत होते. ज्या हवाई दलाची उभारणी युद्धकाळात निजामाच्याच मैदानावर झाली, त्याच दलाने निजामाच्या धावपट्ट्या निकामी केल्या. १७ सप्टेंबरला शरणागती झाली. आपण तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. पाच महिन्यांनी सरदार पटेल हैदराबादला आले तेव्हा हात जोडून त्यांचे स्वागत करणारा निजाम साऱ्या देशाने छायाचित्रात पाहिला. ते स्वागत झाले बेगमपेठ विमानतळावर.

१८/
यावरून एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. धावपट्टी बांधणाऱ्याच्या मालकीची राहत नाही. निजामाने हौसेने मैदान केले. ब्रिटिशांनी ते साम्राज्याच्या युद्धासाठी वापरले. पुढे त्याच संस्थानातल्या धावपट्ट्यांवर भारताविरुद्ध शस्त्रे उतरली. चीन युद्धानंतर, १९६३ पासून, बीदरला भारतीय हवाई दलाचे प्राथमिक उड्डाण प्रशिक्षण सुरू झाले. २००८ मध्ये हॉक ही प्रशिक्षण विमाने तिथेच दाखल झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये शमशाबादचा विमानतळ सुरू झाला आणि बेगमपेठची नियमित प्रवासी वाहतूक थांबली. उदगीरच्या सीमेपलीकडचे बीदर आजही वैमानिक घडवते आहे.

१९/
दोन आक्षेप येतील. पहिला : हा तेलंगण-कर्नाटकाचा इतिहास, आपला नव्हे. मग १९५६ पूर्वीचे उदगीर कुणाचे? सारा वसूल करताना जे राज्य एक होते, त्याचा इतिहास लिहिताना तुकडे का करायचे? दुसरा आक्षेप : निजामाच्या युद्धनिष्ठेचे कौतुक कशासाठी? कौतुक करा, असे मी म्हणतच नाही. इतिहास म्हणजे हिशेब. ज्याने पैसे भरले, त्याला पावती मिळाली का, हे विचारणे म्हणजे राजाचा गौरव नव्हे. उलट तो प्रश्न रयतेच्या बाजूने विचारलेला आहे.

२०/
आणखी एका सवयीला माझा विरोध आहे. हा संबंध ठाऊक नसल्यामुळे त्याची जागा दंतकथा घेतात. कुठे जुना फरसबंद पट्टा दिसला की तो ‘ब्रिटिशकालीन गुप्त विमानतळ’ ठरतो आणि तसा मजकूर हजारो मोबाइलवर फिरतो. पुरावा विचारला की शांतता. खरा इतिहास इतका समृद्ध असताना खोट्याची गरज काय? आपल्या शहराचे नाते बेगमपेठ-बीदरशी आहे, एवढे ठामपणे सांगता येते. तेवढे पुरेसे आहे.

२१/
कॅनडाचे उदाहरण बोलके आहे. युद्धात तिथे सव्वा लाखाहून अधिक हवाई सैनिकांचे प्रशिक्षण झाले. मॅनिटोबातील ब्रँडन येथे, त्या योजनेच्याच एका जुन्या तळावर, आज तिचे संग्रहालय आहे. टायगर मॉथसारखी विमाने तिथे जपली आहेत. तिथले बहुतेक तळ गहू पिकवणाऱ्या गावांशेजारचे, आपल्यासारखेच साध्या लोकवस्तीतले. त्या लोकांनी ‘आमच्या गावाने काय दिले’ हा प्रश्न विचारला आणि उत्तर जपून ठेवले. दख्खनच्या वैमानिक-शाळांसाठी हा प्रश्न आपण अजून विचारलेला नाही.

२२/
मग करायचे काय? संस्थानाचे दफ्तर हैदराबादला तारनाका येथील राज्य अभिलेखागारात आहे. स्क्वाड्रनांच्या रोजनिश्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मराठवाड्यातले तरुण मोडी शिकू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण निजाम राजवटीच्या अखेरच्या पर्वाचा कारभार उर्दूत चाले. ती लिपी वाचता येत नसेल, तर आपल्याच आजोबांच्या साऱ्याचा हिशेब आपल्याला दुसऱ्याकडून ऐकावा लागेल. म्हणून माझा आग्रह : मोडीबरोबर उर्दूही शिका.

२३/
आणि घरातल्या पेट्या उघडा. कुणाच्या घरी सैन्यातून मुक्त झाल्याचा दाखला असेल, वेतनपुस्तिका असेल, बर्मा आघाडीचे पदक असेल, एखादे धूसर छायाचित्र असेल. वैमानिकच असला पाहिजे असे नाही. एका विमानामागे कितीतरी माणसे लागत : इंजिन दुरुस्त करणारा, कापड शिवणारा, इंधनाचे डबे वाहणारा, पंखा फिरवणारा. यांची नावे कुठल्याही स्क्वाड्रनच्या मानचिन्हावर नाहीत. कागद सापडला तर त्याचे छायाचित्र घ्या. त्यावर गाव, साल आणि नाते लिहून ठेवा. मूळ कागद घराबाहेर जाऊ देऊ नका.

२४/
१७ सप्टेंबरला आपण ध्वज उभारतो, ते योग्यच आहे. त्या मुक्तीचा अर्थ पुरता कळायचा असेल, तर आपण कशातून मुक्त झालो याचाही तपशील हवा. ज्या राज्यात रयतेच्या साऱ्यावर दूरदेशीच्या स्क्वाड्रना उभ्या राहिल्या आणि त्याच रयतेच्या मुलाला आपल्या भाषेत माध्यमिक शाळा मिळाली नाही, ते राज्य समजून घ्यायला बेगमपेठेच्या मैदानापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. पुढच्या वेळी कुणी म्हणाले की दुसऱ्या महायुद्धाशी मराठवाड्याचा संबंध नाही, तर त्याला एवढेच विचारा : स्पिटफायरचे पैसे कुणी भरले?